ईटीसीओटू २४ च्या वर जाईना, पेशंट मात्र ठणठणीत

ओटी टेक्निशियन, तालुका:
नमस्कार मंडळी. आमच्या ओटीत साइडस्ट्रीमचा मॉनिटर आहे, म्हणजे बारीक नळीने (सॅम्पलिंग लाइन) पेशंटच्या श्वासातली थोडी हवा ओढून सीओटू मोजणारा. परवापासून ईटीसीओटू (श्वास सोडताना शेवटी येणारा कार्बन डायऑक्साइड, एरवी ३५ च्या वर हवा) २२-२४ च्या वर सरकत नाही. आकडा वाढावा म्हणून भूलतज्ज्ञ मॅडम व्हेंटिलेटरचा रेट कमी करायला निघाल्या होत्या, मग त्यांनाच शंका आली. सॅम्पलिंग लाइन नवी टाकली, झिरो केलं, फरक काही नाही. शेवटी केस संपल्यावर मीच नळी तोंडाशी धरून सावकाश फुंकलो, तर माझाही २३! ग्राफ तसा चौकोनीच येतो, फक्त पेशंट व्हेंटिलेटरवर असला की शेवटी एक बारीक शेंडी निघते. ५ टक्के सीओटूचा गॅस मागवून कॅलिब्रेशन मारू का?

जुना बायोमेडिकलवाला:
थांबा, सिलिंडर मागवू नका. ती शेंडीच चुगली करतेय. कुठेतरी गळती आहे. पंप पेशंटच्या श्वासासोबत खोलीतली हवाही ओढतो, म्हणून आकडा पडतो. व्हेंटिलेटर पुढचा श्वास दाबाने देतो तेव्हा बाहेरची हवा शिरायची क्षणभर थांबते आणि खरा सीओटू वर डोकावतो. कॅलिब्रेशन केलंत तर गळती तशीच राहील, वर चुकीला शिक्का मिळेल.
लाइनचं पेशंटकडचं तोंड अंगठ्याने बंद करा. पंपाचा आवाज बदलून लाइन ब्लॉकचा अलार्म यायला हवा. नाही आला तर लाइन काढून थेट वॉटर ट्रॅपच्या (मॉनिटरवरची पाणी अडवणारी डबी) तोंडावर बोट ठेवा. तिथेही शांतता असेल तर गळती ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या मागे.

भूल देणारी:
मॅडमनी हात आवरला हे बरं झालं. तुमच्या मशीनवर ३५ दिसेपर्यंत रेट कमी केला असता, तर पेशंटचा खरा आकडा ६० च्या आसपास गेला असता. आणि स्क्रीन म्हणाली असती, सगळं छान. दुरुस्त होईपर्यंत दुसरा मॉनिटर लावा. बोटांचे प्रयोग केस चालू असताना नकोत.

ओटी टेक्निशियन, तालुका:
सापडलं, सर! लाइनवर अलार्म नाही, ट्रॅपच्या तोंडावरही नाही. ट्रॅप उपसून पाहिला तर ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) एका बाजूने चिरलेली. गुन्हेगार मीच. गेल्या आठवड्यात पाणी काढून घाईत तिरपा दाबून बसवला होता. नवा ट्रॅप लावला, फुंकलो, ३७. आजच्या केसला शेंडीही गायब. आणि अंगठा लावल्यावर अलार्म असा बोंबलला की सिस्टर धावत आल्या.