मदत हवी आहे: ख्याल ऐकायला 15 हजारांच्या आतला हेडफोन (इंदूर)

रामबागकर
ऐकणं जवळजवळ सगळं गायकीचं: अमीर खाँसाहेबांचे विलंबित ख्याल, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, थोडं नाट्यसंगीत. बरंचसं जुनं, मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज). फोनला 3.5 मिमीचा जॅक नाही, लॅपटॉपला आहे. चष्मा आहे. वेळ रात्री दहानंतरची, घर शांत असतं. सध्याच्या ब्लूटूथ हेडफोनवर डग्गा गाण्यावर चढतो. ओपन बॅक (कप मागून उघडा, बाहेरचा आवाज आत येतो) घ्यावा की क्लोज्ड (मागून बंद)? डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारं उपकरण) वेगळा लागेल का? जेल रोडला निम्म्या भावात ‘ओरिजिनल’ दाखवतात, ते घ्यावेत का?

मंद्रपंचम
आधी डग्ग्याचं बघू. गायकाची पट्टी काळी एक धरली तर मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झ आणि मंद्र पंचम 104. डग्ग्याची घुमक याच टापूत आणि त्याखाली असते. बरेचसे वायरलेस हेडफोन नेमका हाच भाग फुगवतात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकणाऱ्याला तेच भारी वाटतं. मग खाँसाहेब मंद्रात उतरले की स्वर आणि घुमक यांचा एकच गोळा होतो. तुम्हाला सपाट बास हवा.

घर शांत आहे, तर ओपन बॅकच घ्या. क्लोज्डमध्ये चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि बास गळतो. मान हलवली की आवाजाचा पोत बदलतो. ओपनमध्ये हा फरक कमी जाणवतो. माझं मत सेनहायझर एचडी 560एसला. गाद्या वेलूरच्या आहेत, मे महिन्यात रेक्झिनसारख्या चिकटत नाहीत. तंबोऱ्याची जवारी गायकाच्या मागे सुटी ऐकू येते.

पोहे_जिरावन
560एस वरच्या बाजूला उजळ आहे. जुन्या मुद्रणांतली खरखर आणि ‘स’, ‘श’ टोचतील. एचडी 599 जास्त मवाळ.

मंद्रपंचम
मवाळ आहे, पण त्याचा बास किंचित भरलेला आहे आणि मूळ तक्रार तीच होती. उजळपणा इक्वलायझरने उतरवता येतो: 6 किलोहर्ट्झला 3 डेसिबल कमी, क्यू (किती अरुंद पट्टा कमी करायचा ते) 1.5 च्या आसपास. लॅपटॉपवर विंडोज असेल तर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट आहे. फक्त कमी करत असाल तर प्रीअँपला (त्यातली एकूण आवाजाची पातळी) हात लावू नका. कुठे 3 वाढवलंत तर प्रीअँप तेवढाच खाली घ्या, नाहीतर तार सप्तकातली दमदार तान फाटते. बेयरडायनामिकचा डीटी 990 प्रो मात्र जुन्या मुद्रणांसाठी नकोच, तो याहून कितीतरी टोचरा.

रामबागकर
आणि डॅक?

पोहे_जिरावन
560एस 120 ओमचा आहे, म्हणजे त्याला व्होल्टेज जरा जास्त लागायला हवं, पण 1 व्होल्टला 110 डेसिबल इतका मोठा आवाज देतो. म्हणजे लॅपटॉपचा जॅक पुरतो. फोनसाठी 1 व्होल्ट देणारा छोटा यूएसबी-सी डोंगल (आत छोटा डॅक आणि 3.5 चा जॅक असलेला) बस. अॅपलचा डोंगल काही अँड्रॉइड फोनवर फार हळू वाजतो, तो आधी आपल्याच फोनवर लावून बघा. डॅकवर पाच हजार घालण्यापेक्षा ते हेडफोनमध्ये घाला, भिया.

खरी अडचण वायरची. सोबत येते ती 3 मीटरची, टोकाला 6.3 मिमीचा जाडा पिन आणि वर 3.5 चं अॅडॅप्टर. हे ओझं डोंगलला लटकलं की पिन सैल होतो. 1.2 मीटरची वेगळी वायर घ्या, हेडफोनकडचं टोक 2.5 मिमीचं, फिरवून अडकणारं. साधा 2.5 चा पिन तिथे नीट बसत नाही.

मंद्रपंचम
त्याला जोडून एक, कारण गाणं ऐकणाऱ्यांनाच हे छळतं. पिन अर्धवट बसला आणि अर्थिंग (दोन्ही बाजूंची सामाईक तार) सुटलं की दोन्ही बाजूंमधला फक्त फरक ऐकू येतो. स्टिरिओत गायक मधोमध असतो, म्हणजे नेमका तोच गायब. उरते लांबून आल्यासारखी गुंज आणि थोडी पेटी. मोनो मुद्रण तर जवळजवळ मुकंच होतं. लोक हेडफोन बिघडला म्हणून परत करतात. आधी पिन दाबून बघा.

पोहे_जिरावन
जेल रोडचं: निम्म्या भावाला सेनहायझर मिळत नाही, नक्कल मिळते. जीएसटी बिल आणि कंपनीची वॉरंटी नसेल तर हात लावू नका. कुठूनही घेतलात तरी परत करायच्या मुदतीत एक मोनो ख्याल लावा. आवाज बरोबर डोक्याच्या मध्यात आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला: झुकाव बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनचा नाहीतर लॅपटॉपच्या बॅलन्सचा; त्याच बाजूला राहिला तर तुमचा कान. आवाज मध्यात न येता पसरट वाटला आणि डग्गा पोकळ झाला तर एका बाजूची तार उलटी जोडलेली आहे. तो पीस बदलूनच घ्या.