मोहर की नुसती पालवी? ठाणे-नवी मुंबईकरांनो, आपापल्या झाडाचं लिहा

नेरूळला आमच्या रो-हाउसच्या मागे हापूसचं एकच झाड आहे. डिसेंबरात रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी शेंड्यांकडे बघत असे. शेंड्यांचे डोळे, म्हणजे कोंब, फुगले. सासूबाई म्हणाल्या, "आला बघ मोहर." आठवड्याने त्यातून बाहेर आली तांबूस, लिबलिबीत पालवी! झाडाला तरी काय बोलणार? पाऊस लांबला, ऑक्टोबरात जमीन सुकलीच नाही. हापूसला आधी कोरडा ताण लागतो, काडी (नवी फांदी) पक्व व्हावी लागते, आणि मग रात्रीचा पारा सलग काही आठवडे विसाच्या खाली हवा. आमच्या खाडीकाठी थंडी येते ती चार दिवसांची पाहुणी.

तुमच्याकडे काय झालं? आंबाच पाहिजे असं नाही, कुठलंही झाड चालेल.

येऊरपायथा: आमच्याकडे उलटी गत. २०२१ ला मोहर लवकर आला होता, आणि १-२ डिसेंबरला तो अवकाळी पाऊस. पाऊस दोन दिवसांत गेला, पण नंतरच्या मळभाने घात केला. तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) इतके झाले की फांदी हलवली की टपटप आवाज यायचा. त्यांचा चिकटा पानांवर, त्यावर काळी बुरशी, आणि खाली लावलेली माझी स्कूटर गुळाच्या काकवीने पुसल्यासारखी. उरलेल्या मोहरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या त्याही गळल्या. त्या साली लोणचं विकतच्या कैरीचं.

कुंडीवाले काका, वाशी: ड्रममधल्या लिंबाला तीन वर्षं रोज पाणी घालत होतो. पानं हिरवीगार, फूल एक नाही. गावाकडच्या मेव्हण्याने फोनवर झापलं, "भावोजी, ताण द्या!" पाणी तोडलं, पानं मलूल होऊन थोडी गळली, बायको रोज टोमणे मारायची. मग खत घालून हळूहळू पाणी सुरू केलं आणि तीनेक आठवड्यांत गॅलरीभर वास. बागाईतदार बहार धरतात तो असाच.

पाचपाखाडी: मधुकामिनी. पहिल्या दमदार सरीनंतर थोड्याच दिवसांत पांढरी फटक. एरवी ढिम्म.

खारघर सेक्टरकर: आमच्या सोसायटीत दोन बहावे आहेत, एकाच वर्षी लावलेले. फाटकाजवळचा एप्रिल संपताना पिवळाजर्द, पान दिसत नाही. दुसरा हिरवळीच्या कडेला, त्याला बाराही महिने फवाऱ्याचं पाणी. त्याला पानंच पानं आणि चार घोस. कमिटीत मी हे मांडलं तर म्हणाले, झाडाची जात वेगळी असेल. असो. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो म्हणतात, त्यावर माझा काही फारसा विश्वास नाही. झाड सरलेला कोरडा काळ सांगतं, पुढचं पंचांग नाही. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे रोजीच आला, तेव्हा आमच्या बहाव्याने कसलीही घाई केली नव्हती. उलट फुललेले घोस पहिल्याच पावसात झोडपून रस्त्यावर. गुलमोहराचीही तीच अवस्था.

ऐरोलीकर: शंकूवाल्या झाडांचं कोणी लिहीत नाही म्हणून मी. (सुरूची काटेरी बोंडं शंकूसारखी दिसतात, पण सुरू पाइनच्या कुळातला नाही.) बहीण डेहराडूनला असते, तिच्या अंगणात चीड (तिकडचा पाइन) आहे. त्याचा शंकू पिकायला दोनेक वर्षं लागतात. त्यामुळे एखाद्या साली शंकूंचा खच पडला तर त्या सालचं ऊन बघून उपयोग नाही, मागच्या हंगामांची हवा आठवावी लागते. ती दर वर्षी मला पिशवीभर पाठवते, पोरं रंगवून टांगतात.

येऊरपायथा: नेरूळच्या ताई, आशा सोडू नका. ही पालवी पक्व झाली आणि जानेवारीअखेर थंडी टिकली तर उशिरा मोहर येतो. तोवर पाणी पूर्ण बंद.

धागाकर्ती: बंदच केलंय हो. पण काल बघते तर बुंध्याशी ओल. सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी रोज गुपचूप तिथेच ओततात.