साडेसहा वर्षांनी परतणारा धूमकेतू १९६९पर्यंत कोणालाच का सापडला नाही?

कृष्णाकाठ (सांगली):
६७पी चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूचा आवर्तकाल, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीचा काळ, सुमारे ६.४ वर्षे दिलेला असतो. त्या हिशेबाने विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत तो दहा वेळा तरी सूर्याजवळून गेला असला पाहिजे. आकाशाची छायाचित्रे तेव्हा अनेक वेधशाळांत नियमित घेतली जात होती, तरीही त्याचा शोध १९६९मध्ये लागला, हे केवळ त्याच्या मंदपणामुळे की त्यामागे आणखी काही कारण आहे? आमच्याकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे. दंडोबाच्या डोंगरावरून तो दिसेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा):
आपण आजचा आवर्तकाल मागच्या काळालाही लावला आहे, आणि मुद्दा नेमका तिथेच आहे. फेब्रुवारी १९५९मध्ये हा धूमकेतू गुरूपासून सुमारे ०.०५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर) इतक्या अंतरावरून गेला आणि गुरूच्या आकर्षणाने त्याची कक्षाच बदलली. त्यापूर्वी तो सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ आला तरी २.७ एककांवर असे व त्याची एक फेरी सुमारे नऊ वर्षांची होती; नंतर ते अंतर १.३ एककांच्या आसपास आले. २.७ एककांवर पाण्याच्या बर्फाची वाफ फारच थोडी होते, त्यामुळे धूळ उडत नाही आणि गाभ्याभोवती तेजस्वी आवरणही तयार होत नाही. असा धूमकेतू छायाचित्रात आला तरी नजरेत भरणे अवघड. गणित आणखी मागे नेले, तर १८४०मध्येही गुरूने त्याला असेच आत ओढले होते, असे दिसते.

शोधाची हकिकतही मोठी रंजक आहे. ११ सप्टेंबर १९६९ रोजी स्वेतलाना गेरासिमेन्को यांनी अल्मा-आता येथे ज्या काचपट्टीवर छायाचित्र घेतले, ती कोमास सोला या दुसऱ्याच धूमकेतूसाठी होती. कीव्हला परतल्यावर क्लिम चुर्युमोव यांनी ती तपासली, तेव्हा कडेजवळ एक अंधूक ठिपका होता आणि तो कोमास सोलाच असावा असे आधी वाटले. परंतु त्याची जागा अपेक्षित स्थानापासून जवळजवळ दोन अंशांनी चुकत होती. एखाद्याने हा फरक मोजणीतील चूक म्हणून सोडूनही दिला असता.

चांदोली:
मग अशा मोजक्या काचपट्ट्यांवरून संपूर्ण कक्षा ठरवता येते का?

अजिंक्यतारा (सातारा):
तत्त्वतः वेगवेगळ्या वेळी नोंदलेली तीन स्थाने पुरतात. गणितज्ञ गाउसने १८०१मध्ये सेरेस या लघुग्रहासाठी हेच केले. मात्र निरीक्षणांचा काळ थोडा असेल, तर लंबवर्तुळ आणि अन्वस्त (परत न येणाऱ्या धूमकेतूची उघडी कक्षा) यांतला भेद नीट कळत नाही, आणि भेद कळल्यावरही आवर्तकाल बराच ढोबळ राहतो. पुढच्या फेरीत धूमकेतू भाकिताप्रमाणे सापडला की मगच कक्षेवर भरवसा ठेवता येतो.

तरीही गुरुत्वाकर्षणाचे गणित एकटे पुरत नाही. एंके या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा धूमकेतू दर फेरीला अपेक्षेपेक्षा सुमारे अडीच तास आधी येतो, हे स्वतः एंकेनेच एकोणिसाव्या शतकात ताडले होते. १९५०मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हिपल यांनी त्याचे कारण मांडले, ते असे की बर्फाची वाफ बाहेर पडताना गाभ्याला उलट दिशेने हलका रेटा बसतो. ६७पीच्या कक्षेतही हा परिणाम हिशेबात धरावा लागतो.

मिरज-पूर्व:
दुर्बिणीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. २०१५मध्ये तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला तो १३ ऑगस्टला, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. नोव्हेंबर २०२१मध्ये मात्र तो पृथ्वीपासून सुमारे ०.४२ एककांवर आला होता आणि नवव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितकी वस्तू अंधूक) आसपास पोहोचल्यामुळे सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्यात होता. यानंतर तो सूर्याजवळ येईल तो एप्रिल २०२८मध्ये. धूमकेतूची दिलेली प्रत ही पसरलेल्या प्रकाशाची एकूण प्रत असते, त्यामुळे त्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तो बराच अंधूक भासतो. म्हणून कमी विवर्धनाची नेत्रिका लावावी, त्या रात्रीचा स्थाननकाशा जवळ ठेवावा आणि चंद्र नसलेली वेळ निवडावी.