संगणकाची तारीख मागे जात असेल तर आधी बॅटरी पाहावी

रोज सकाळी काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' (संगणकाने जपलेल्या मूळ सेटिंग्ज बिघडल्याची सूचना) दिसते, एफ१ दाबल्यावर विंडोज सुरू होते, पण तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यावर विंडोज पुन्हा टाकण्याचा जो सल्ला या चर्चेत आधी दिला गेला, तो कृपया इतक्यात अमलात आणू नका. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर संगणकाच्याच घड्याळाशी ताडून पाहतो, त्यामुळे तारीख चुकली की निर्दोष संकेतस्थळही नाकारले जाते. बहुधा मदरबोर्डवरील (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डवरील) नाण्याच्या आकाराची, ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. दादरला आमच्या घरीही हेच झाले होते. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ केवळ या बॅटरीवर चालते, म्हणून त्रास सकाळीच जाणवतो. विजेची वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, बाजूची पट्टी हलकेच दाबली की बॅटरी वर येते. नवी बसवताना + खूण वर ठेवावी. बॅटरी संपली की मूळ सेटिंग्जही पुसल्या जाऊ शकतात, म्हणून त्यानंतर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर) तारखेबरोबर साटा मोडही (हार्ड डिस्क जोडण्याची पद्धत) पूर्वीचाच आहे ना, हे आवर्जून तपासावे, कारण तो बदलला असेल तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते आणि दोष उगाच हार्ड डिस्कला दिला जातो.