ठोसे अधिक मारूनही लढत हातची गेली: गुण नेमके कसे दिले जातात?

प्रश्न
आमच्या क्लबच्या मुष्टियुद्ध संघाची नुकतीच दुसऱ्या संघाशी मैत्रीपूर्ण स्पर्धा झाली. आमच्या खेळाडूने पहिल्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला दोरांपाशी रोखून धरले, पुढच्या दोन फेऱ्या मात्र अटीतटीच्या झाल्या. एकूण ठोसे आमचेच अधिक असूनही निकाल विरुद्ध गेला आणि त्या एका लढतीमुळे सांघिक विजयही हुकला. गुण देण्याची ही पद्धत पूर्वीपासून अशीच आहे का? पुढील संघनिवडीबाबत काही सुचवता आले, तर तेही कळवावे.

प्रतिसाद १
तिन्ही फेऱ्यांतील ठोशांची बेरीज कोणीही करत नाही. प्रत्येक फेरीचा निकाल स्वतंत्र असतो; ती जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात, वर्चस्व अगदी उघड असेल तरच ८. आपल्या खेळाडूने पहिली फेरी १०–९ अशी जिंकून उरलेल्या दोन निसटत्या फरकाने गमावल्या असतील, तर बेरीज २८–२९ होते. पहिल्या फेरीत १०–८ मिळाले असते, तरी २८–२८ अशी बरोबरीच झाली असती आणि हौशी स्पर्धेत अशा वेळी गुणपरीक्षकाला एकाची निवड करावीच लागते.

शिवाय ठोसा ग्लोव्हच्या बोटांच्या पेरांकडील भागाने, डोक्याच्या पुढील किंवा बाजूच्या भागावर अथवा पट्ट्याच्या वर धडावर, पुरेशा जोराने बसावा लागतो. दंडावर आणि ग्लोव्हजवर आदळणाऱ्या ठोशांचा आवाज मोठा होतो, प्रेक्षक (आणि बहुधा संघव्यवस्थापकही) सुखावतात, पण त्यांना गुण नसतो.

प्रतिसाद २
ही पद्धत मूळची मुळीच नव्हे. इंग्लिश मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये लंडनमध्ये नियम केले, तेव्हा गुण हा प्रकारच नव्हता: पडलेल्याला मारायचे नाही, आणि तो अर्ध्या मिनिटात पुन्हा लढतीसाठी मध्यभागी आखलेल्या रेषेवर उभा राहिला नाही, तर लढत संपली. कोणी पडले की फेरी संपे, म्हणून १८८९ मधील सलिव्हन आणि किलरेन या अमेरिकन मुष्टियोद्ध्यांची उघड्या मुठींची लढत ७५ फेऱ्या चालू शकली. जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी लिहिलेल्या आणि १८६७ मध्ये क्वीन्सबरीच्या मार्क्विस या ब्रिटिश उमरावाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, दहा सेकंदांची मोजणी आणि ग्लोव्हज आणले. पुढे फेऱ्यांची संख्याही मर्यादित झाल्यावर दोघेही उभे असताना लढत संपू लागली आणि सरस कोण हे ठरवण्याचे ओझे परीक्षकांवर आले.

आपल्याला अपेक्षित असलेली ठोशांची बेरीज मात्र खरोखर अस्तित्वात होती. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकन मुष्टियोद्धा रॉय जोन्स ज्युनियर यांच्याविरुद्ध गेलेल्या निकालाने गदारोळ झाला आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ठोसे मोजण्यासाठी संगणक आला. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले, तरच ठोसा नोंदला जाई. माझ्या मते त्या काळात धडावर केलेल्या चिकाटीच्या माऱ्याला न्याय मिळाला नाही. २०१३ मध्ये ती पद्धत सोडून देण्यात आली.

प्रतिसाद ३
संघनिवडीबद्दल एवढेच सांगतो की सांघिक स्पर्धेत प्रत्येक वजनगटाची लढत वेगळी मोजली जात असल्याने एक रिकामा गटही महागात पडतो. तो भरण्यासाठी कोणाला शरीरातील पाणी कमी करून वजन उतरवायला लावू नये. त्याऐवजी त्या वजनाचा नवा खेळाडू वेळेत तयार करावा. सरावाला १६ औंसांचे ग्लोव्हज आणि शिरस्त्राण वापरावे, पण शिरस्त्राणाने जखमा टळतात, मेंदूला बसणारा हादरा टळत नाही, हे प्रशिक्षकाने विसरू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तिसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला वारंवार धरून ठेवल्याबद्दल पंचांनी आमच्या खेळाडूला अधिकृत ताकीदही दिली होती. तिचा निकालाशी संबंध असतो का?

प्रतिसाद १
थेट असतो. तोंडी समज दिल्याने गुण जात नाही, परंतु अधिकृत ताकीद मिळाली की एक गुण वजा होतो आणि तीन ताकिदींनंतर खेळाडू बाद ठरतो. पहिली फेरी १०–८ धरली, तरी बेरीज २८–२८ वरून २७–२८ वर येते.