एकटं सुषिर वाद्य आणि इलेक्ट्रॉनिक्स: तयार ट्रॅक की लाइव्ह?

फुंकर:
एकट्या फ्लूटसाठी किंवा क्लॅरिनेटसाठी इलेक्ट्रॉनिक्ससह रचना करणार असाल, तर इलेक्ट्रॉनिक्सचा भाग आधी रेकॉर्ड करून ठेवू नका, तो कॉम्प्युटरने वादकाबरोबर तिथल्या तिथे, लाइव्ह वाजवावा, असं माझं ठाम मत आहे. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. वादकाने श्वास घ्यायला जरा वेळ लावला की तो मागे पडलाच. शिवाय वाद्य तापलं की सूर चढतो, ट्रॅक मात्र होता तिथेच. त्यात जोरात फुंकलं की फ्लूट चढते आणि क्लॅरिनेट उतरतं. म्हणजे ट्रॅकमधल्या लांब स्वरावर क्रेशेंडो (आवाज हळूहळू वाढवणं) लिहिलात, तर बेसूर तुम्हीच लिहून दिलात! फ्रेंच संगीतकार फिलिप मानुरीच्या 'ज्युपिटर' या रचनेत १९८७ सालीच कॉम्प्युटर फ्लूटवादकाचं ऐकून त्याच्या मागोमाग जात होता.

काळी चार:
'ज्युपिटर' कशावर चालायची तेही सांगा की. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेच्या फोर-एक्स या यंत्रावर. ते यंत्र कधीच बाद झालं, आणि रचना जिवंत ठेवायला सगळं नव्या यंत्रणेवर पुन्हा बसवावं लागलं. संगीतकार डेव्हिडोव्हस्कीची साठीच्या दशकातली फ्लूट आणि टेपची रचना आज कुणीही साधी फाइल लावून वाजवतो.
आणि ट्रॅक थांबत नाही यातच कधी कधी मजा असते. संगीतकार राइशच्या 'न्यूयॉर्क काउंटरपॉइंट'मध्ये (१९८५) क्लॅरिनेटवादक दहा भाग आधी रेकॉर्ड करतो आणि अकरावा समोर वाजवतो. तिथे लय लवचीक केली तर उरलं काय?

फुंकर:
पक्क्या लयीचं उदाहरण सोयीचं निवडलंत. आलापासारखं मोकळं लिहायचं असेल तर?

काळी चार:
तर ट्रॅकमध्ये ऐसपैस जागा सोडा. मल्टिफोनिक्स आले, एका फुंकरीत दोन-तीन स्वर, की स्वर ओळखणारा तुमचा कॉम्प्युटर गोंधळतो, त्याचं काय?

रीडवाला:
मी वाजवणारा. स्वर ओळखण्याच्या भानगडीत न पडता पायाखाली पेडल द्या. संगीतकार सारिआहोच्या 'नोआनोआ' या रचनेत (१९९२) फ्लूटवादक पेडलनेच इलेक्ट्रॉनिक्सचा पुढचा टप्पा सुरू करतो. फक्त अवघड तानेच्या मधोमध पेडल लिहू नका, बोटं आणि पाय एकदम सांभाळताना जीव जातो.
दोघांनीही माइकचा विषय काढला नाही याचं नवल वाटतं. क्लॅरिनेटचा आवाज बहुतेक स्वरांना भोकांतून येतो, सगळा खालच्या कर्ण्यातून नाही. माइक नुसता कर्ण्यापाशी लावलात तर खर्जातले स्वर अंगावर येतात आणि बाकीचे हरवतात. हाच आवाज तुमच्या लाइव्ह प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर तिथल्या तिथे बदलणार त्यात, जाणार, फुंकरसाहेब. तालमीला माइक कुठे लावायचा, हे तुमच्या स्कोअरमध्ये लिहिलेलं असतं का?