अनुभव धागा: "हे आमच्याकडचं बरं का!" – स्कॅन्डिनेव्हियातले शोध

मंडळी, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कची माणसं एरवी स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत. पण एखाद्या साध्या वस्तूचा विषय निघाला की चेहरा खुलतो: "हे आमच्याकडचं!" मला हा अभिमान मनापासून आवडतो, कारण त्यात दुसऱ्याला कमी लेखणं नसतं. तुम्हाला आलेले असे अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

स्टॉकहोमच्या ऑफिसात जेवताना मी आजीच्या पितळी स्टोबद्दल सांगत होते. स्पिरिटचा काकडा पेटवायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, मग निळी ज्योत आणि तो भर्र आवाज. मध्येच कचरा अडकला की पिन मारायची. समोरचा स्वीडिश सहकारी जेवायचा थांबला. "प्रायमस? तो तर आमच्या फ्रान्स लिंडक्विस्टचा, १८९२ चा!" शेजारची नॉर्वेजियन लगेच म्हणाली, "पण दक्षिण ध्रुवावर नेला कोणी? आमच्या अमुंडसेनने!" मग दोघंही विचारत बसले, आजी त्यावर काय काय करायची. गप्पा पार पुरणपोळीपर्यंत गेल्या.

गोथेनबर्गहून

बाबांची सगळी नोकरी चिंचवडला, बेअरिंगच्या कारखान्यात झाली. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे आले तेव्हा आमचे वयस्क शेजारी त्यांना मुद्दाम गामलेस्ताडेन भागात घेऊन गेले. तिथे कापडाची गिरणी होती. जमीन चिकणमातीची, ती खचायची, शाफ्ट सरळ रेषेत राहायचे नाहीत आणि बेअरिंग सारखी जायची. गिरणीतल्या स्वेन विंगक्विस्टने १९०७ मध्ये यावर तोड काढली. गोळ्यांच्या दोन रांगा, आणि बाहेरच्या रिंगची आतली बाजू अशी गोलाईची की शाफ्ट जरा तिरका झाला तरी बेअरिंग स्वतःच जुळवून घेतं. एसकेएफ कंपनी यातूनच उभी राहिली.

शेजारी हे हातवारे करून समजावत होते. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि बेकरीच्या कागदी पिशवीवर रिंगा, केज, गोळ्या असा अख्खा छेद काढून दाखवला. आजोबा बघतच राहिले. "म्हणजे तुम्हीही आमचेच!" ती पिशवी त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली.

नॉर्वेहून

चीज कापायचा चपटा कालथा! लिलेहामरच्या थोर ब्यॉर्कलुंड या सुताराला तो रंध्यावरून सुचला, पेटंट १९२५ चं. घरमालकीणबाईंनी मला हात धरून शिकवलं: पातं टेकवायचं, दाबायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. फटीतून तपकिरी चीजचा पातळ काप वर येतो. चीजला मधोमध खड्डा पडला तर मात्र बाई घरभर विचारतात, कोणी केलं हे?

सोल्नाहून

काकूला सांगलीत पेसमेकर बसवायचं ठरलं आणि इथे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लॅबमधल्या एका सीनियर बाई म्हणाल्या, "ये, तुला आमची गोष्ट सांगते." १९५८ मध्ये इथल्याच कारोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग यांनी रूने एल्मक्विस्ट यांचा पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. पेसमेकर पूर्णपणे शरीराच्या आत बसवण्याची ती पहिलीच वेळ. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण पुढे नवनवी यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. सर्जन आणि शोधकर्ता दोघंही त्यांच्या आधी गेले! त्या रात्री मला झोप लागली ती या गोष्टीमुळे. बाई अजूनही काकूची चौकशी करतात, "आमचा" पेसमेकर नीट चाललाय ना म्हणून.

आरहूसहून

स्वीडनवाल्यांनी धागा ताब्यात घेतलाय, म्हणून डेन्मार्कतर्फे लिहितो. शेजारच्या आजोबांनी माळ्यावरून लेगोचा जुना डबा काढला. १९५८ च्या पेटंटपासून विटांची जोडणी तीच आहे. जुनी वीट माझ्या मुलीच्या नव्या विटेवर टक्कन बसली आणि आजोबांनी दोन्ही हात वर केले. मी त्यांना आमच्या घरच्या भावगीतांच्या कॅसेटींबद्दल सांगितलं, तर म्हणाले, चुंबकाने आवाज टिपायचं पहिलं यंत्र आमच्या वाल्डेमार पौल्सेनचं, १८९८ चं, पोलादी तारेवर चालायचं. आता पुढच्या रविवारी त्यांना त्या कॅसेटी ऐकायच्या आहेत.